घोडा गुडघा टेकतो, पण आडवा होत नाही: नेमकं कुठे अडतंय?

सांगितल्यावर आडवं व्हायला घोड्याला शिकवताना तक्रार जवळपास एकाच भाषेत येते. पुढचा पाय उचलला, गुडघा वाळूला टेकला, नाक खाली गेलं, आणि आता बसणार म्हणेपर्यंत घोडा सटकन उभा. दहा वेळा करा, दहाही वेळा तेच. मालक म्हणतो, घोडा हट्टी आहे. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, म्हणतो, दोर लावून पाडू या, एकदा पडला की समजेल त्याला. दोघांचंही चुकतंय. अशा घोड्याला बहुतेक वेळा अर्ध्यावरून उठायचंच शिकवलेलं असतं, फक्त शिकवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

घोडा आपणहून कसा बसतो ते एकदा नीट बघा. आंघोळीनंतर किंवा खोगीर काढल्यावर त्याला वाळूत मोकळा सोडा. आधी तो जमीन हुंगतो, पुढच्या पायाने एकदोनदा उकरतो, जागच्या जागी गिरकी घेतो. मग चारही पाय पोटाखाली गोळा करतो, मान खाली घालतो, पुढचे गुडघे मोडतो आणि शेवटी मागचा भाग धपकन टाकतो. गुडघे मोडताना त्याचा ताबा असतो, पण पुठ्ठा, म्हणजे हाच मागचा भाग, टाकताना शेवटचं वीतभर अंतर तो अंग सोडून देतो. तुमचा घोडा अडतो तो नेमका त्या वीतभर अंतरावर. अंग सोडायला भरवसा लागतो आणि पाय योग्य जागी लागतात. यातलं एक जरी नसलं तरी तो उठणार.

उठतानाची गोष्टही ध्यानात ठेवा. गाय-म्हैस मागचा भाग आधी उचलते, घोडा पुढचे दोन्ही पाय आधी समोर फेकतो आणि मग मागून जोर लावतो. गुरांच्या सवयीने जो माणूस बसलेल्या घोड्याच्या पुढ्यात उभा राहतो, त्याला त्या खुरांचा मार बसतो. उभं राहायची जागा खांद्याजवळ, पाठीच्या बाजूला, हातभर अंतर ठेवून. घोडा डाव्या पुठ्ठ्यावर बसला की पाय उजवीकडे निघतात. त्या बाजूला कुणीही थांबायचं नाही, मोबाइलवर शूटिंग करणाऱ्याने तर नाहीच.

रात्री तरी बसतो का?

शिकवण्याआधी तीन-चार सकाळी पागेत जाऊन खरारा करायच्या, म्हणजे अंग घासून साफ करायच्या, आत घोडा बघा. कुशीवर, पुठ्ठ्यावर लीदीचा हिरवट डाग आहे का? आयाळीत, शेपटीत पेंढ्याच्या काड्या आहेत का? असतील तर तो रात्री आडवा होतो. अंग रोज स्वच्छ आणि काडीही नाही, असं असेल तर शिकवणं थांबवा, आधी कारण शोधा. जो घोडा स्वतःच्या पागेत बसत नाही तो तुमच्या शब्दावर बसणार नाही.

घोडा उभ्याने डुलकी काढतो हे खरं, त्याच्या पायांची रचनाच तशी असते. पण गाढ, स्वप्नांची झोप आडवं झाल्याशिवाय होत नाही. दिवसाकाठी अर्धा ते एक तास तरी त्याला ती लागते. ती मिळाली नाही तर तो उभ्या-उभ्या पेंगताना पुढच्या गुडघ्यांवर कोसळतो. गुडघ्याच्या किंवा खुराच्या वरच्या सांध्याच्या पुढच्या बाजूला जुनी-नवी खरचटं दिसली की हा संशय घ्यायचा.

न बसण्याची कारणं बहुधा साधीच निघतात. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागून दोरांनी, बांधलेला घोडा बसणार कसा? आखूड दाव्याला बांधलेल्याला डोकं जमिनीपर्यंत नेता येत नाही. दावं नुसतं लांब केलं तर त्यात पाय अडकायची भीती, म्हणून खरा उपाय मोकळा खण, निदान बारा फूट बाय बारा फूट, आणि त्यात घोडा सुटा. खालची शहाबादी फरशी किंवा कोबा, वर मूठभर पेंढा, हे दुसरं कारण. तिसरं कारण दुखणं, आणि ते सर्वांत जास्त सुटून जातं. गुडघ्यावर पाण्याची मऊ गाठ, मागच्या पायाचा सांधा सुजलेला, मागचा पाय उचलून दोन मिनिटं धरला की ओढून घेणं, लहान वर्तुळात फिरताना पावलं आखूड पडणं, यातलं काही दिसलं तर पशुवैद्याला दाखवा. गाभण घोडीला शेवटच्या महिन्यांत आणि वाढीच्या वयातल्या शिंगराला हे शिकवायचं नाही.

मागचे पाय कुठे आहेत?

आता घोडा ठणठणीत आहे, रात्री बसतो, आणि तरीही तुमच्या हाताखाली गुडघ्यावरून उठतो असं धरू. तर पहिली नजर मागच्या खुरांवर टाका.

वरातीच्या किंवा प्रदर्शनाच्या मारवाडी-काठियावाडी घोड्याला ताणून उभं राहायची सवय लावलेली असते. पुढचे पाय पुढे, मागचे मागे, मान वर. दिसायला रुबाबदार, पण या अवस्थेतून घोड्याला बसणं फार अवघड जातं. गुडघा टेकला तरी मागचे पाय सरळ खांबासारखे राहतात आणि सगळं वजन एका गुडघ्यावर येतं. ते टोचतं, घोडा उठतो. हट्टाचा काही संबंध नाही.

म्हणून पाय उचलण्याआधी घोड्याला दोन पावलं मागे घ्या आणि एक पाऊल पुढे. मागचे खूर साधारण पुठ्ठ्याच्या टोकाखाली आले पाहिजेत, एकमेकांपासून वीत-दीड वीत अंतरावर. दोन्ही मागचे पाय फार फाकले असले तरी अडतं. तेवढं जमेपर्यंत पुढच्या पायाला हात लावू नका.

बक्षीस कुठे मिळतं?

निम्म्याहून जास्त घोडे इथे बिघडतात. गुडघा टेकला की माणूस खूश होऊन हात पुढे करतो आणि गूळ देतो. हात कुठे असतो? माणसाच्या छातीशी. घोडा गूळ घ्यायला मान वर करतो, मान वर गेली की वजन मागे-वर जातं आणि गुडघा सुटतो. तुमच्या हिशेबी तुम्ही गुडघा टेकल्याचं बक्षीस दिलं, घोड्याच्या हिशेबी उठल्याचं. पंधरा दिवस असं चाललं की घोडा गुडघा टेकून लगेच वर येणं हाच पूर्ण खेळ समजतो.

उपाय हाताच्या मार्गात आहे. गुळाचा खडा मुठीत धरा, घोड्याच्या नाकाजवळ न्या, तिथून हात खाली आणि मागे, दोन पुढच्या पायांच्या मधून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो त्या जागेकडे सरकवा. उंची गुडघ्याएवढी किंवा त्याखाली. नाक मुठीमागे येतं, मान पोटाखाली वळते, वजन आपोआप मागच्या पायांवर जातं. मूठ पुढे गेली तर घोडा पाऊल टाकतो, बाजूला गेली तर पुठ्ठा फिरवतो. मूठ तिथेच उघडायची, खालीच. गूळ खाऊन होईपर्यंत हात वर आणायचा नाही.

गुडघा टेकून दहा सेकंद शांत राहू लागला की मूठ पायांमधून काढून कोपराच्या बाजूने बरगड्यांकडे न्या. मान त्या बाजूला वळली की विरुद्ध बाजूचा पुठ्ठा सैल पडतो. हा वळसा बहुतेक लोक गाळतात आणि घोड्याला सरळ मानेने बसवायला बघतात. सरळ मानेने तो बसत नाही, नुसता वाकून राहतो.

गुळाबद्दल थोडं. कोल्हापुरात घोड्याला गूळ द्यायला कुणाला सांगावं लागत नाही, उलट आवरावं लागतं. खडा हरभऱ्याएवढा, एका वेळी पंधरा-वीस खडे, बस्स. पावसाळ्यात गूळ पाझरतो, तळहाताला चिकटतो, घोडा हात चाटत बसतो आणि चाटता चाटता उठतो. त्या दिवसांत गाजराच्या पातळ चकत्या बऱ्या. उसाचं कांडं अजिबात नको. चघळायला मिनिटभर लागतो, तेवढ्यात घोडा आपण काय केलं होतं ते विसरतो. मानेवर चरबीची वळी असलेल्या, स्थूल किंवा खुरांच्या दाहाचा इतिहास असलेल्या घोड्याला गूळ द्यायचाच नाही.

पाय कधी सोडता?

पुढचा पाय हातात किंवा पट्ट्यात धरून शिकवणाऱ्यांची ही चूक. घोड्याने पाय हिसडला की माणूस सोडतो. घोडा शिकतो, हिसडलं की सुटका. सोडायची वेळ त्याच्या आधी हवी: खांद्याचा स्नायू ढिला पडला, पायाचं वजन तुमच्या हातात आलं, त्या क्षणी स्वतःहून पाय हळूच खाली ठेवा. सुरुवातीला दोन सेकंद पुरेत. मग पाच, मग दहा. हिसडलाच तर धरून झोंबाझोंबी करू नका, पाय जाऊ द्या, बक्षीस नाही, पुन्हा सुरुवात, आणि या वेळी निम्म्या वेळात सोडा.

पट्टा वापरलात तर सुती, चारपाच सेंटिमीटर रुंद, हातात धरलेला. कुठेही गाठ मारून बांधायचा नाही. नायलॉनची दोरी खुराच्या वरच्या बारीक भागाला सेकंदात भाजते आणि ती जखम महिनाभर काम बंद पाडते. दोर लावून पाडण्याच्या पद्धतीला जुना नावलौकिक आहे. अमेरिकेचा जॉन रेरी 1858 मध्ये इंग्लंडच्या राणीपुढे पाय बांधून घोडे निजवून दाखवत होता. पण त्या पद्धतीत घोडा दमून, हरून आडवा होतो. खाली गेलेला दिसतो, शब्द मात्र शिकलेला नसतो, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा बघितला की घाम फुटतो.

जमीन

तालमीतला हौदा आठवा. पैलवान उतरण्याआधी लाल माती रोज उकरून भुसभुशीत करतात, कारण काल मऊ असलेली माती आज दबलेली असते. घोड्याच्या वाळूचंही तसंच. पाच मीटर बाय पाच मीटर जागा, वीस सेंटिमीटर थर, म्हणजे पावणेदोन ब्रासच्या आसपास वाळू. प्रत्येक सरावाआधी फावड्याने उलटायची आणि खडे, खिळे, काचा वेचायच्या. क्रशरची वाळू नको, तिच्या धारदार कणांनी गुडघ्याची कातडी सोलवटते. मुरमाचा तर विचारच नको.

वाळू नसेल तर भाताचा पेंढा, दाबल्यावर वीतभर उरेल इतका. उसाचं पाचट आपल्याकडे फुकट मिळतं म्हणून लोक टाकतात, पण सुकं पाचट खुराखाली घसरतं. बसण्याच्या नेमक्या क्षणी मागचा पाय घसरला की घोडा आठवडाभर प्रयत्न करत नाही. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, मऊ असतो पण ओला झाला की बुरशी धरतो, धूळ नाकात जाते. पावसाळ्यात उघड्यावर सराव बंदच ठेवा किंवा पत्र्याखाली करा. ओल्या चिखलात घोडा स्वतः लोळेल, तुमच्या सांगण्यावरून बसणार नाही.

गुळाचा खडा वाळूवर टाकून द्यायचा नाही. वाळू पोटात जाते, साठते आणि शूळ होतो. हातावर द्या, नाहीतर उथळ घमेल्यात.

शब्द कुठला?

मराठी घोड्यांची ही खास अडचण. आपण दिवसभर ‘बस’ म्हणत असतो: बस झालं, बस बस, पुरे. गाडी लावतानाही ‘बस’, चंदी (घोड्याचा दाणा) ओततानाही ‘बस’. घोड्याच्या कानाला तो शब्द केव्हाच बोथट झालेला असतो. ‘नीज’ घ्या, किंवा दुसरा कुठलाही जो पागेत एरवी कुणी उच्चारत नाही. तसंच शाबासकीची खूण म्हणून जीभ टाळ्याला लावून चक्-चक् करू नका, कारण त्याच आवाजावर तो चालायला शिकलेला आहे. ‘शाब्बास’ चालेल, नेहमी एकाच सुरात.

नाचणाऱ्या घोडीचा प्रश्न वेगळा. तिच्या पुढच्या पायाला छडी लागली की पाय उचलून थिरकायचं, हे तिच्या हाडात गेलेलं असतं. निजायला शिकवताना तुम्ही तिथेच छडी लावली तर ती नाचणारच, आणि तुम्ही रागावलात तर अजून जोरात नाचेल. तिच्यासाठी खूण कोपराच्या मागे, तंगाच्या जागी, बोटाच्या हलक्या दाबाने द्या. छडी घरी ठेवा.

शब्द कधी म्हणायचा? सुरुवातीला घोडा बसणारच आहे हे दिसल्यावर, गुडघे मोडत असताना. आधी म्हणून आणि मग बसवायला धडपडून उपयोग नाही, शब्द रिकामा होतो. आंघोळीनंतर तो वाळूत आपणहून बसतो ती वेळ यासाठी सोन्याची. तेव्हा फक्त ‘नीज’ म्हणा, बसला की ‘शाब्बास’ आणि खालीच खडा. काही घोडे एवढ्यावरच शिकतात, पायाला हातही लावावा लागत नाही.

पुन्हा घडी बसवायची ती अशी

अर्ध्यावरून उठायला शिकलेल्या घोड्याची एक आठवडा सुट्टी. त्या काळात फक्त मोकळं लोळू द्यायचं आणि शब्द जोडायचा. मग पाय उचलण्यापासून सुरुवात: ढिला पाय दहा सेकंद, नंतर वजन मागे, नंतर गुडघा तीन सेकंद, गुडघा दहा सेकंद, मान बाजूला, आणि शेवटी पुठ्ठा. दहापैकी आठ वेळा एक पायरी शांतपणे जमल्याशिवाय पुढची नाही. लागोपाठ तीनदा उठला तर एक पायरी मागे. वेळ दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा, चंदी दिल्यावर निदान दोन तासांनी. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. पहिल्यांदा पूर्ण बसला की त्या दिवसाचं काम तिथेच संपवा, तीन मिनिटं झाली असली तरी. आणखी एकदा करून बघू, हा मोह फार घोडे बिघडवतो.

बाकीच्या तक्रारी

बसतो पण क्षणात उठतो: खाली असताना काही मिळत नाही म्हणून. दोन सेकंदांनी खडा, मग चार, मग तीन, मग सात, असं अनियमित. आणि तो उठायच्या विचारात येण्याआधी तुम्हीच ‘ऊठ’ म्हणा. मानेवर गुडघा देऊन, म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी) दाबून धरून खाली ठेवणं बंद. उठताना तो डोकं आणि मान तोलासाठी फेकतो, तेव्हा दोरी पूर्ण सैल हवी. बसण्याची मुदत सुरुवातीला मिनिटभर, पुढे पाचेक मिनिटं. साडेतीनशे-चारशे किलोचं अंग एका कुशीवर फार वेळ राहिलं तर खालच्या स्नायूंना आणि मज्जातंतूंना रक्त पुरत नाही, उठल्यावर पाय लुळा पडू शकतो.

बसला की लोळतो: सरावाआधी कडक खरारा करा, घाम असेल तर आधी लोळून घेऊ द्या. डोकं जमिनीला टेकवून मान घासायला लागला की लोळण येणार, त्याआधी ‘ऊठ’. खोगीर चढवून हा सराव लोळणं पूर्ण थांबल्यावरच, नाहीतर खोगिराचा सांगाडा मोडतो आणि पाठीला इजा होते ती वेगळी.

न सांगता बसतो: गूळ मिळावा म्हणून घोडा स्वतःहून दुकान मांडतो. न सांगता बसला तर बघायचं नाही, बोलायचं नाही, द्यायचं नाही. स्वार पाठीवर असताना नदीच्या उथळ पाण्यात पायाने पाणी उडवायला लागला की पुढे काढा, ती लोळण्याची तयारी असते. मात्र न सांगता बसणं ही पोटदुखीही असू शकते. वळून वळून कुशीकडे बघणं, जमीन उकरणं, उठ-बस, घाम, लीद बंद, चंदीला तोंड न लावणं, ही लक्षणं असतील तर नाडी मोजा. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 सेल्सिअस. नाडी साठच्या वर गेली तर पशुवैद्याला ताबडतोब बोलवा, सराव वगैरे विसरा. निजायला शिकवलेल्या घोड्यात हा धोका जास्त, कारण घरातले लोक ‘खेळ करतोय’ म्हणून दुर्लक्ष करतात.

एकाच बाजूवर बसतो: बसू द्या. दुसरी बाजू नवा धडा म्हणून पहिल्या पायरीपासून शिकवा. पूर्वी बसत असलेली बाजू एकाएकी सोडली असेल तर मात्र त्या बाजूचा सांधा तपासून घ्या.

घरी बसतो, बाहेर नाही: बसलेला घोडा पळू शकत नाही, हे त्याला माहीत असतं. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळची गर्दी, किंवा हलगी कडाडतेय, अशा जागी त्याने नकार दिला तर तो शहाणा आहे. आधी घरचीच वाळू, पण शेजारी एक अनोळखी माणूस. मग दोन. मग लांबवर हलगी, रोज थोडी जवळ. मग दुसऱ्याच्या शेतातली मऊ जागा. प्रत्येक नव्या जागी पहिल्या दिवशी फक्त गुडघ्यापर्यंत काम, पूर्ण बसण्याचा आग्रह नाही. डांबरी रस्त्यावर, वरातीत, डीजेपुढे हा प्रकार करायचा नाही: गुडघे फुटतात, आणि बिथरलेला घोडा उठताना पुढचे पाय कुठे फेकेल त्याचा नेम नसतो. तिकीट लावून लोकांना दाखवणार असाल तर 2001 च्या नियमांप्रमाणे खेळ करणाऱ्या प्राण्याची भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे आधी नोंदणी करावी लागते.